ब्रिस्टल, ओहोटीच्या वेळी

इंग्लंडमध्ये राहायला येऊन बरीच वर्षं झाली, तरी ब्रिस्टल राहूनच गेलं होतं. लंडनला पाहुण्यांना घेऊन जाणं होतं, बाथला ऑफिसबरोबर गेले होते, लेक डिस्ट्रिक्टला तर सगळा ग्रुप होता. ब्रिस्टलला ‘चल’ म्हणणारं कुणी निघालं नाही. शेवटी एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी मी एकटीच बर्मिंगहॅमहून गाडीत बसले. दीड तासाचाच तर प्रवास. ओढ होती ती तिथल्या झुलत्या पुलाची. मी पुलांची इंजिनिअर आहे आणि सांगलीची आहे. पावसाळ्यात उठल्या उठल्या ‘आयर्विनला किती फूट?’ अशी कृष्णेवरच्या पुलापाशी चढलेल्या पाण्याची चौकशी करणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला पूल आणि पाणी या दोन गोष्टी सुटत नाहीत.

आणि ब्रिस्टलचं पाणी खरोखर अभ्यास करण्याजोगं आहे. शहर समुद्रापासून काही मैल आत, एव्हन नदीवर. पण ही नदी जिथे मिळते त्या खाडीतला भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांमध्ये गणला जातो. मोठ्या भरतीच्या दिवसांत तो चाळीस फुटांच्या वर जातो. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा दिला जातो आणि लोक बोजा बांधायला लागतात. इथे तेवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. पूर्वी ओहोटी आली की धक्क्याला लागलेली जहाजं चिखलात बसायची, कलायची. मग विल्यम जेसप नावाच्या इंजिनिअरने नदीसाठी वेगळा पाट खणून घेतला, मूळ पात्राला दरवाजे बसवले आणि पाणी आत अडवून ठेवलं. १८०९ साली हे काम पुरं झालं. आज शहराच्या मधोमध जे शांत बंदर दिसतं, ज्याच्या काठी लोक कॉफी पीत बसतात, ते म्हणजे हे दोनशे वर्षांपूर्वी अडवलेलं पाणी.

स्टेशनवरून चालतच निघाले. कॉर्न स्ट्रीटवर जुन्या एक्स्चेंजच्या इमारतीवर एक घड्याळ आहे, त्याला मिनिटकाटे दोन. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य इथे दहा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, आणि पूर्वी गावाचं घड्याळ त्याप्रमाणेच चालायचं. रेल्वे आली ती लंडनची वेळ घेऊन. एक काटा गाडीसाठी, एक गावासाठी. १८५२मध्ये ब्रिस्टलने लंडनची वेळ मान्य केली, तरी दुसरा काटा काढला नाही. मला ‘बॉम्बे टाइम’ आठवला. मुंबईने तर स्वतःची वेळ, भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, १९५५पर्यंत धरून ठेवली होती. त्याची आठवण सांगणारं असं एखादं घड्याळ मुंबईतही भर रस्त्यात हवं असं फार वाटलं.

याच इमारतीच्या मागे सेंट निकोलस मार्केट आहे. तिथे जेवा. स्वस्त आहे, आणि एकट्या माणसाला टेबल अडवून बसल्यासारखं वाटत नाही.

दुपार सगळी ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ला दिली आणि ती पुरली नाही. हे इसाम्बार्ड किंगडम ब्रुनेल या इंजिनिअरचं जहाज. १९ जुलै १८४३ला इथल्याच गोदीत ते पाण्यात उतरलं. लोखंडी बांधणी आणि पाठीमागे पंखा, या दोन्ही गोष्टी एकत्र असलेलं महासागरातलं हे पहिलं मोठं जहाज. लांबी ३२२ फूट. पुढे उत्पन्नासाठी ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्या केल्या, मग नुसतं शिडाचं जहाज झालं, मग फॉकलंड बेटांवर लोकरीचं आणि कोळशाचं तरंगतं गोदाम. १९३७मध्ये तिथेच एका खाडीत उथळ पाण्यात सोडून दिलं. १९७०मध्ये ते उचलून आणायचं ठरलं तेव्हा कुशीला मोठी भेग होती. ती बुजवायला बेटावरच्या लोकांनी घरातल्या गाद्या दिल्या. त्या गाद्या भेगेत कोंबून जहाज तरतं केलं, मग एका तराफ्यावर चढवून अटलांटिक पार केला. ते आपल्या मूळ गोदीत शिरलं तो दिवसही १९ जुलैच होता.

आता ते कोरड्या गोदीत उभं आहे. पाण्याच्या रेषेवर सभोवार काचेचं छत, छतावर पाण्याचा पातळ थर. वरून वाटतं जहाज तरंगतंय. जिन्याने काचेखाली उतरलं की खरा प्रकार कळतो. लोखंडात मीठ मुरलंय, त्यामुळे ओल मिळाली की ते लोखंड गंजत राहतं, म्हणून खाली मोठमोठी यंत्रं लावून हवा पापड वाळावेत इतकी कोरडी ठेवली आहे. मी पत्र्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. पत्रे एकावर एक चढवून ठोकलेले रिव्हेट, मधेच हाताच्या पंजाएवढं भोक, भोकाच्या कडा बिस्किटासारख्या नाही, पुस्तकाच्या जुन्या पानांसारख्या पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटलेल्या. तीही भेग दिसते. ती सांधून, रंगवून नवीन करता आली असती. केली नाही, हे मला फार योग्य वाटलं.

वरच्या मजल्यांवर प्रवाशांच्या खोल्या आहेत. तिसऱ्या वर्गाची झोपायची फळी मी आडवी होऊन बघितली. खांदे दोन्हीकडे टेकतात. याच जहाजातून १८५७च्या उठावानंतर फौज मुंबईला आली. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, सगळा आफ्रिका खंड वळसा घालून यावं लागे. ऑक्टोबरात आयर्लंडमधून निघालेली सतरावी लान्सर्स ही घोडदळाची पलटण डिसेंबरात मुंबईच्या धक्क्याला उतरली. पुढच्या वर्षी माळव्यात आणि बुंदेलखंडात तात्या टोप्यांचा जो पाठलाग झाला, त्यात ही पलटण होती. तात्यांचा जन्म आपल्या येवल्याचा. शिवपुरीला १८ एप्रिल १८५९ला त्यांना फाशी दिलं. शाळेत हे सगळं शिकले होते, पण त्यांच्या मागावर निघालेले शिपाई ज्या फळ्यांवर झोपून आले त्या फळ्यांशी कधी गाठ पडेल असं मनात आलं नव्हतं. जहाज सुंदर आहे, इंजिनिअर म्हणून मी त्याच्यापुढे नतमस्तक आहे, आणि तरीही त्या खोलीत मला जड झालं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

तिथून धक्क्याधक्क्याने परत येताना ‘एम शेड’ हे शहराचं संग्रहालय लागतं. तिकीट नाही. एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा इथे ठेवलाय, आडवा, अंगावर फासलेल्या रंगासकट. हा व्यापारी रॉयल आफ्रिकन कंपनीत मोठ्या पदावर होता. त्याच्या काळात कंपनीच्या जहाजांनी सुमारे ८४ हजार माणसं गुलाम म्हणून नेली आणि त्यांतली सुमारे १९ हजार वाटेतच मेली. गावाला त्याने भरपूर देणग्या दिल्या, म्हणून १८९५मध्ये भर चौकात पुतळा उभारला. ७ जून २०२०ला लोकांनी तो दोर लावून पाडला, ओढत नेला आणि बंदरात ढकलला. जिथे ढकलला तिथून दोन पावलांवर पेरोज ब्रिज आहे, नेव्हिस बेटावरून ब्रिस्टलला आणलेल्या पेरो जोन्स या गुलामाच्या नावाचा पादचारी पूल. महापालिकेने पुतळा पाण्यातून काढला, पण घासूनपुसून पुन्हा उभा केला नाही आणि अडगळीतही टाकला नाही. एक आजी नातवाला समजावून सांगत होत्या, नातू ‘मग त्यांनी आधीच का नाही पाडला?’ असं विचारत होता. ब्रिस्टल मला आवडलं ते इथे. हे शहर आपली गंजकी बाजू येणाऱ्याजाणाऱ्याला बघू देतं.

संध्याकाळी मुद्दाम बस स्टँडवर गेले. तिथे एक पाटी आहे. १९६३पर्यंत इथली बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना कंडक्टर किंवा ड्रायव्हर म्हणून घेत नसे. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या सोबत्यांनी एप्रिलअखेर बसवर बहिष्कार पुकारला. विद्यार्थी आले, खासदार बोलले, चार महिने ताणलं गेलं, आणि २८ ऑगस्टला कंपनीने माघार घेतली. त्याच दिवशी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. सप्टेंबरात जो पहिला गोरा नसलेला कंडक्टर कामावर रुजू झाला तो पगडीधारी शीख होता, रघबीर सिंग. दोनच वर्षांनी ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला. मी या देशात मुलाखत देऊन नोकरी मिळवली तेव्हा माझ्या नावाकडे, रंगाकडे बघून दार लावायची मुभा कुणाला नव्हती. ती काढून घेणारी माणसं या स्टँडवर उभी राहिली होती. पाटीपुढे मी बराच वेळ थांबले. बाकीचे प्रवासी आपापल्या बस पकडत होते.

मुक्काम बंदराकाठी, धान्याच्या जुन्या गोदामात केलेल्या वसतिगृहात होता. खोलीत अनोळखी मुली, पण सगळ्या शहाण्या. नऊलाच झोपले.

रविवारी ओहोटीची वेळ बघून पुलाकडे निघाले. बंदराच्या टोकाला दरवाजे ओलांडले की नदी पूर्ण वेगळी. पाण्याची एक बारीक धार, आणि दोन्ही बाजूंना तपकिरी, चकचकीत चिखलाचे खोल उतार, त्यावर बगळ्यांची पावलं. मान वर केली की कडे, आणि कड्यांच्या मधे पूल.

क्लिफ्टनचा झुलता पूल. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, ७०२ फुटांचा. स्पर्धेसाठी आराखडा केला तेव्हा ब्रुनेल पंचविशीही ओलांडलेला नव्हता. १८३१मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी मतदानाच्या हक्कावरून शहरात मोठी दंगल पेटली, सावकारांचा विश्वास उडाला. पुन्हा सुरू झालं, १८४३मध्ये पैसे संपले. नुसते दोन मनोरे वर्षानुवर्षं उभे राहिले, साखळ्यांसाठी घेतलेलं लोखंड विकून टाकलं. १८५९मध्ये ब्रुनेल गेला. मग त्याच्या व्यवसायबंधूंनी ठरवलं की त्याचं स्मारक म्हणून हा पूल पुरा करायचा. योगायोग असा की लंडनमध्ये त्यानेच बांधलेला हंगरफर्डचा पादचारी पूल तेव्हा पाडत होते. त्या पुलाच्या साखळ्या इथे आणून चढवल्या आणि डिसेंबर १८६४मध्ये पूल खुला झाला.

पायी जायला पैसे पडत नाहीत. मनोऱ्यापासून खाली उतरत आलेल्या साखळ्या पुलाच्या मध्यावर जवळजवळ डोळ्यांच्या उंचीवर येतात, म्हणून मी तिथेच थांबले. साखळी म्हणजे कड्या नव्हेत. घडीव लोखंडाच्या लांब चपट्या पट्ट्या, दोन्ही टोकांना डोळा, डोळ्यांतून आरपार जाडजूड खीळ. आम्ही आज संगणकावर जे तपासतो ते त्यांनी कागदावर, हाताने, आणि एकेक पट्टी ओढून बघून केलं होतं. गाडी गेली की लाकडी तळ पावलांखाली हलकासा थरथरतो. तो थरथरायलाच हवा. न हलणारा झुलता पूल असेल तर मी त्यावर पाऊल ठेवणार नाही. आणि नीट बघितलं तर दोन्ही मनोरे सारखे नाहीत, क्लिफ्टनकडच्या मनोऱ्याला बाजूने कमानी कापल्या आहेत, पलीकडचा भरीव आहे. एकटं असण्याचा फायदा इथे कळला. ‘झालं का तुझं?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. मी दोनदा ये-जा केली, मग बाकावर बसून पाणी वर चढायला लागलेलं बघितलं.

परतीच्या गाडीआधी आर्नोस व्हेल. स्टेशनपासून वीस मिनिटं चाललं की बाथ रोडवर ही जुनी स्मशानभूमी लागते. मोडकळीला आली होती, गावातल्या लोकांनी भांडून वाचवली. फाटकातून आत गेलं की लगेच डावी-उजवीकडे शोधावं लागत नाही, झाडांमध्ये दगडी छत्री दिसते. बंगाली घडणीचे खांब, वर घुमट. राजा राममोहन रॉय.

मुघल बादशहाच्या तनख्याची बाजू मांडायला ते १८३१मध्ये इंग्लंडला आले. सतीबंदीविरुद्धचं अपील प्रिव्ही कौन्सिलने १८३२मध्ये फेटाळलं तेव्हा ते इथेच होते. दुसऱ्या वर्षी ब्रिस्टलला लँट कार्पेंटर या युनिटेरियन (त्रैक्य न मानता एकच देव मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) धर्मोपदेशकाच्या परिवाराकडे आले आणि तापाने २७ सप्टेंबर १८३३ला गेले. द्वारकानाथ टागोरांनी ही छत्री १८४३मध्ये बांधवली. कार्पेंटर यांची मुलगी मेरी पुढे स्त्रीशिक्षणासाठी चार वेळा हिंदुस्थानात आली, तीही इथेच विसावली आहे. आणि याच युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर १९०१मध्ये आमच्या पलीकडच्या जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला शिकायला आले होते. प्रार्थना समाजाचा प्रचारक म्हणून परतून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध जन्मभर काम केलं. बंगालचे राजे, ब्रिस्टलचं चर्च, जमखंडीचे शिंदे: हा धागा मी नकाशावर कधी जोडला नव्हता.

चौथऱ्यावर कुणीतरी झेंडूची माळ ठेवली होती, ताजी. काम करणाऱ्या स्वयंसेवक बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या लोक येतातच, कोलकात्याहून तर खास येतात. सप्टेंबरच्या अखेरीस इथे दरवर्षी स्मरणाचा कार्यक्रम असतो. यंदा मी जाणार आहे. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्रीकडचं कुणी येणार असेल तर जरूर कळवा, तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात.