रिपोर्टला वेगळा युजर, अ‍ॅपला वेगळा

आज अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर एकच काम होतं, दूरच्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी लॉगिन तयार करणं. टीममध्ये नवीन आलेली मुलगी म्हणाली, "ताई, सगळ्यांना एकच पासवर्ड दिला तर?" पण मग कोणी नोकरी सोडली की तो सगळीकडे बदलत बसायचं, आणि डेटा कोणी बदलला याचा पत्ताही लागत नाही. म्हणून रिपोर्ट काढायला वेगळा युजर केला आणि त्याला फक्त वाचायची परवानगी दिली. सुपरयुजर, म्हणजे काहीही करायची मुभा असलेला युजर, अ‍ॅपलाही द्यायचा नाही, यावर मी अडून बसते.

मग पीजी-एचबीए फाइल. कोणता युजर कुठल्या डेटाबेसला, कुठल्या आयपीवरून, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरून, येणार, ते तिथे ओळीओळीने लिहायचं. सर्व्हर वरून खाली वाचतो आणि जुळलेली पहिलीच ओळ धरतो. तिथे पासवर्ड चुकला तर पुढची ओळ बघतसुद्धा नाही. त्यामुळे क्रम फार जपावा लागतो. बाकी, ५४३२ पोर्ट, म्हणजे पोस्टग्रेसला जोडायचं दार, सगळ्या जगाला उघडा ठेवण्यापेक्षा एसएसएच टनेल, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित बोगदा, केव्हाही बरा.

पासवर्ड कोडमध्ये लिहायचा नाही, तो डॉट-पीजीपास फाइलमध्ये. लिनक्सवर तिची परवानगी ०६०० (म्हणजे फक्त मालकाने वाचायची-लिहायची) पेक्षा सैल असेल तर पोस्टग्रेसचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम, ती फाइल वाचतच नाही. हा कडकपणा मला मनापासून आवडतो.

निघायच्या आधी तिने टेस्ट डेटाबेसवर रिपोर्टच्या युजरने मुद्दाम डिलीट चालवून पाहिलं. स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड'. "ताई, अडवलं बघा!" केवढी खूश झाली! अ‍ॅपचा युजर उद्या तीच करणार आहे.