नानांचे डोळे, माझा खांदा

पैठणीच्या ब्लाउजपीसला मी कात्री लावते तेव्हा नव्या गिऱ्हाइकाचं लक्ष कापडाकडे नसतं, माझ्या उजव्या खांद्याकडे असतं. तो दर दोन-चार मिनिटांनी कानाकडे उडतो आणि बरोबर घशातून एक बारीकसं 'हुं' निघतं. एका बाईंनी तर सरळच विचारलं होतं, "कापताना उडला तर हो?" उडत नाही. २२ वर्षं तासगावात ब्लाउज शिवतेय, कात्री हातात असताना एकदाही उडलेला नाही. मुंढ्याचा गोल कापून झाला, कात्री खाली ठेवली, की मग लागोपाठ तीन-चारदा. राहिलेली उधारी वसूल करावी तसा.

माझं सुरू झालं चौथीत. तेव्हा खांदा नव्हता, डोळे होते. सारखी मिचकावायची म्हणून आईनं सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नंबर निघाला नाही. मग जंतांचं औषध झालं, मीठ-मोहरी ओवाळून झाली, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून आठवडाभर गुलाबपाणी झालं. डोळे थांबले. गुलाबपाण्याला श्रेय देऊन होतंय तोवर नाक आक्रसायला लागलं. पाचवीत नाक गेलं, खांदा आला. तो काही गेला नाही.

घरात याला 'चाळा' म्हणायचे आणि शाळेत 'खोड'. सहावीत एका बाईंनी घशातल्या आवाजापायी मला वर्गाबाहेर उभं केलं, मी मुद्दाम करते म्हणून. बाहेर व्हरांड्यात कुणी बघत नसल्यामुळे मनसोक्त 'हुं हुं' करता यायचं. ती शिक्षा मला फार आवडायची, हे त्या बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, पोस्टात होते. नाना जन्मभर डोळे मिचकावत आलेत. दोनदा घट्ट, एकदा हलके, परत दोनदा घट्ट. निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचे, मग कोपऱ्यावरून माघारी येऊन चौथ्यांदा. आणि हेच नाना जेवायला बसल्यावर मला दटावायचे, "खांदा धर!" बाप डोळे मिचकावत लेकीला म्हणतोय, खांदा धर. आमच्या घरात हे कुणालाही विचित्र वाटलं नाही. नानांचं ते नानांचं, माझी ती खोड.

धरता येत नाही का? येतं की. सगळा घोटाळा तिथेच आहे. पाच-दहा मिनिटं धरता येतं म्हणून लोकांना वाटतं मनावर घेतलं तर कायमचं जाईल. नव्या ड्रेसच्या गळ्याला मागं लेबल टोचत असतं ना, तसं काहीतरी खांद्याच्या सांध्यात टोचायला लागतं. खाजवू नका म्हटलं तर नाही खाजवणार तुम्ही, पण मग दुसरं काही सुचणारही नाही. समोरची मापं सांगत असते आणि माझा निम्मा जीव खांद्यात. उडवला की टोचणी जाते, घडीभर. दुकानात ट्रायल रूमचा पडदा मी माझ्यासाठीसुद्धा लावलाय, हे आज पहिल्यांदाच सांगतेय.

मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी देऊन पाऊण तास खांदा धरून बसले होते. आत जाऊन ओट्याशी उभी राहिले आणि असा काही सुटला की आई घाबरली. ते स्थळ गेलं, "मुलीच्या अंगाला झटके येतात" असा निरोप ठेवून. पुढच्या वेळी धरायचंच नाही ठरवलं. यांनी पहिल्या मिनिटात पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. केवढा समजूतदार माणूस, म्हणून मी हुरळून गेले. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळलं, त्यांना वाटलं होतं मी माशी हाकलतेय.

आता मुद्द्याची गोष्ट. पाच वर्षांपूर्वी दादाचा मुलगा, माझा भाचा, आठ वर्षांचा असताना मान झटकायला लागला. त्याआधी वर्षभर त्याचेही डोळेच होते, आणि नाकानं सू-सू. वहिनीनं मोबाइल काढून घेतला, टीव्ही बंद केला, मारूनही बघितलं. शेवटी मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, मी सोबत. डॉक्टरांनी त्याला पुष्कळ प्रश्न विचारले. आधी काही वाटतं का, रोखून धरता येतं का, जागा बदलते का, झोपेत कमी होतं का. वहिनी उत्तरं देत होती. त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, आणि तुमचं कधीपासून आहे?"

अडतिसाव्या वर्षी माझ्या खांद्याला नाव मिळालं. टिक्स, म्हणजे आपण न ठरवता परत परत होणाऱ्या हालचाली नि आवाज. अंगाच्या हालचालीच्या दोन किंवा जास्त आणि आवाजाची निदान एक, अठराच्या आत सुरू झालेल्या आणि वर्षाच्या वर टिकलेल्या असतील तर टुरेट सिंड्रोम. १८८५ साली टुरेट नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं नऊ रुग्णांची हकिगत लिहिली, त्याचं नाव. इंटरनेटवर या नावाखाली शिव्या देणारी माणसंच दिसतात, पण तसं शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच होतं. मला शिव्या येतात, पण त्या उद्या लग्न आणि आज कापड घेऊन येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत.

कशामुळे होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं त्यातलं मला कळलं ते माझ्या मशीनवरून. जुनी क्लच मोटर बटण दाबलं की फिरतच असते, तुम्ही शिवा न शिवा. पायटा दाबल्यावर क्लच धरतो आणि मगच सुई हलते. मेंदूतही नको त्या हालचाली दाबून ठेवायचं काम खोलवरचा एक भाग करतो, बेसल गँग्लिया. तिथून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत ये-जा करणाऱ्या वाटांमध्ये आणि डोपामिन नावाच्या रसायनात थोडं इकडंतिकडं असतं, नि क्लच आपला आपण धरतो. पाय पायट्यावर नसताना सुई दोन टाके मारून मोकळी. असं मशीन ज्यानं चालवलंय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

आणि ते इकडंतिकडं बरंचसं रक्तातून येतं. एकच जीन नाही, पुष्कळ आहेत, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. म्हणून एकाच घरात एकाला डोळे, दुसरीला खांदा, आणि कुणाला टिक नसून नुसतं कुलूप परत परत ओढून बघणं. मुलग्यांत मुलींपेक्षा तीन-चार पटींनी जास्त. वजन कमी भरलेल्या बाळांत थोडं जास्त दिसतं, असंही डॉक्टर म्हणाले आणि वहिनीचा चेहरा पडला, कारण भाचा सातव्या महिन्यातला. त्यांच्या लक्षात आलं. ते लगेच म्हणाले, "यात आईचं काही चुकलेलं नसतं." घशाच्या जंतुसंसर्गानंतर अचानक सुरू होणाऱ्या प्रकाराचंही त्यांनी विचारलं, त्यावर डॉक्टरांमध्येच अजून वाद आहे म्हणे. आमच्या पोराचं तसं अचानक नव्हतंच.

परतीच्या एसटीत वहिनी खिडकीबाहेर बघत होती. वर्षभर आमच्याच घरानं तिला ऐकवलं होतं, तू लाड केलेस, तू मोबाइल दिलास. ऐकवणाऱ्यांत मी होते. माझा खांदा उडत असताना मी तिला सांगत होते की पोराला शिस्त लाव. कवठेएकंद आलं तरी मला बोलायला जमलं नाही. स्टँडवर उतरल्यावर म्हटलं, "वहिनी, हे आमच्याकडचं आहे." ती म्हणाली, "दिसतंय की."

आधी औषध दिलं होतं, क्लोनिडीन. मान कमी झाली, पण पोरगं दुसऱ्या तासाला बाकावर झोपायचं, म्हणून डॉक्टरांनी बंद केलं. प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही. दुखतंय, अभ्यास अडतोय, तर द्यायचं. मग कोल्हापूरला एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे आठ खेपा झाल्या. तिथं टोचणी ओळखायला शिकवतात. मान झटकावीशी वाटली की हनुवटी किंचित खाली, नजर समोर, मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे. लाट ओसरेपर्यंत, मिनिटभर. नुसतं दाबून धरणं वेगळं आणि हे वेगळं. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर याची चाचणी झाली होती, त्यात निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला फरक पडला. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना नाही, हेही लक्षात ठेवायचं. भाच्याला पडला. मी बाहेरच्या बाकावर बसून फुकटात शिकले: कोपर कमरेला दाबायचं, खांदा खाली ओढायचा. 'हुं'साठी नाकानं संथ श्वास. खांदा निम्म्यावर आला. लग्नसराईत जागरणं झाली की परत पहिल्यासारखा, आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तासगावात देवाचा रथ निघतो तेव्हा तर आम्ही दोघंही गुलालात नुसते उडत असतो. ताणानं वाढतं तसं आनंदानंही वाढतं.

शाळेत दादा स्वतः जाऊन बोलला. दोनच गोष्टी मागितल्या: त्याला टोकू नका आणि तो दोन मिनिटं बाहेर जातो म्हणाला तर जाऊ द्या. वर्गशिक्षकांनी मानलं. "मग सगळेच चाळे करतील," असं एका सरांचं म्हणणं होतं. कुणी केले नाहीत.

दहा ते बारा या वयात सगळ्यात जोर असतो आणि पुढं बहुतेकांचं बरंच उतरतं. भाचा आता तेरा वर्षांचा आहे, मान जवळजवळ थांबलीय. माझ्यासारखं एखादंच चिवट निघतं.

नानांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला काय झालंय? माझं नुसतं डोळ्याचं आहे." विषय संपला. पण गेल्या दिवाळीत अंगणात आकाशकंदील लावताना भाच्यानं त्यांना सहज विचारलं, जसं कोल्हापूरच्या बाई त्याला विचारायच्या, "आजोबा, मिचकवायच्या आधी तुम्हाला काय होतं?"

नाना ७४ वर्षांचे आहेत. "थांब" त्यांना शाळेपासून साहेबापर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांनी वायर खाली ठेवली.

"पापणीच्या आत रे," ते म्हणाले. "मिरची कांडताना वारं येतं ना, तसं. सारखं."

"मला मानेत मुंगी," भाचा म्हणाला.

"मुंगी बरी," नाना म्हणाले, आणि दोनदा घट्ट, एकदा हलके डोळे मिचकावून परत वायर शोधायला लागले.