पट्टा बदलायची वेळ झाली, हे कळतं कसं?

चेंबूरला आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी माझ्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं, की कुणीतरी चहाचा कप घेऊन येऊन उभं राहतंच. पूर्वी विचारायचे, "अहो, तुम्ही स्वतः?" ते आता बंद झालं. आता विचारतात, "पट्टा बदलायला झालाय हे तुम्हाला कळतं कसं?" तेव्हा हात काळे असतात आणि डोकं पान्यात असतं. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून सांगते.

गाडी २००४ ची. इंजिनाच्या खालच्या मोठ्या पुलीवरून दोन पट्टे फिरतात: एक आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) चालवतो, दुसरा एसीचा कॉम्प्रेसर. एसीचा तुटला तर घामाघूम व्हाल, बाकी काही नाही. पहिला तुटला तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि थोड्या वेळात तापमानाचा काटा वर सरकतो. तेव्हा मागचे कितीही हॉर्न वाजवोत, गाडी कडेला घेऊन बंद करायची. "घर जवळच आहे" म्हणत रेटलं की इंजिनाचं हेड वाकतं, आणि मग पट्ट्याची किंमत हास्यास्पद वाटायला लागते. (टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा, ही वेगळी गोष्ट. त्याला मी हात लावत नाही.)

लोक आवाजावर विसंबतात. पावसाळी रात्री सायनच्या सिग्नलला हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू असतं, आल्टरनेटरवर ताण येतो, ओला पट्टा घसरतो आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा किंचाळतो. पण हा आवाज बहुतेकदा ढिलाईचा असतो, म्हाताऱ्या पट्ट्याचा असेलच असं नाही. इंजिन चालू ठेवून, ओढणी आणि बोटं लांब ठेवून, पट्ट्याच्या आतल्या बाजूवर जरासं पाणी शिंपडायचं. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पट्ट्याला साबण चोळून देणारे महाभाग आहेत. दोन दिवस शांतता, मग आणखी घसरण.

उलट, काही न बोलता झिजलेला पट्टा जास्त घातक. जुन्या रबराला आडव्या भेगा पडायच्या, त्या दिसायच्या तरी. हल्लीच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला सहसा भेगा पडत नाहीत. टायरसारखं रबर झिजतं आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या उभ्या धारांमधल्या खाचा रुंद होत जातात. म्हणून मी नवा पट्टा शेजारी धरून बघते. कडेचे धागे सुटले असतील किंवा तेल-कूलंट लागलं असेल तर पट्टा गेलाच, पण आधी गळती बंद करायची.

नवा पट्टा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतो. पट्ट्यावर ४पीके असं काही लिहिलेलं असतं. चार म्हणजे चार धारा, आणि पुढचा आकडा ही मिलिमीटरमधली लांबी. जुना पट्टा घेऊन जा, पण मापाला नको, आकडा वाचायला. तो ताणलेला असतो.

काम तसं लहान. इंजिन थंड, किल्ली खिशात, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलेलं. चाक काढायचं तर गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही. बाहेरचा एसीचा पट्टा आधी निघतो. मग आल्टरनेटरचा खालचा आणि वरचा बोल्ट ढिला केला की तो आत झुकतो. पट्टे निघाल्यावर मात्र घाई करू नका. प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली तर बेअरिंग खराब होत आलंय. घरी काम करण्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो, कारण गॅरेजमध्ये मागे तीन गाड्या उभ्या असताना एवढं कोण बघतं?

पहिल्यांदा मी काय केलं तेही सांगते. पट्टा एक खाच सोडून बसवला. वरून बघता अगदी झकास. घाटकोपरपर्यंत जाईस्तोवर कडेची धार सोलून निघाली आणि बॉनेटखाली फटफट सुरू झाली. तेव्हापासून टॉर्च धरून प्रत्येक पुलीवर बोट फिरवते, खालच्या पुलीवर तर दोनदा. दुसऱ्या खेपेला ताण इतका दिला की आल्टरनेटर घुंईं करायला लागला. टॉमीने (लोखंडी दांड्याने) आल्टरनेटर ओढून पट्टा ताणताना आणखी ताणायची सुरसुरी येते, पण लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर पट्टा पाऊण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. आणि टॉमी आल्टरनेटरच्या अॅल्युमिनियमच्या अंगावर टेकवू नका, तडकतं.

दोन-तीन दिवस गाडी चालवून ताण पुन्हा बघते, कारण नवा पट्टा खाचांत बसला की थोडा सैल होतो. काढलेला पट्टा धड असेल तर टाकत नाही. तो बारा नंबरच्या पान्यासकट डिकीत, स्टेपनीखाली.