टी सीआरबी: पहाटे तीनची ‘पायरी’ अखेर सापडली

नोव्हा, म्हणजे स्फोटानं एकाएकी उजळणारा तारा, उडालेला नाही. उत्तर मुकुटातला टी सीआरबी अजून दहाव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आसपासच निवांत आहे, तेव्हा धावत आलेल्यांनी परत झोपायला हरकत नाही. पायरी म्हणजे मागच्या वेळी जिचं रडगाणं गायलं होतं तीच. त्याच्या तेजाचा रात्रभर सरळ चाललेला आलेख पहाटे तीनच्या सुमारास, मेरिडियन फ्लिप झाला (तारा डोक्यावरची उत्तर-दक्षिण रेषा, म्हणजे मध्यमंडल, ओलांडताना दुर्बीण उलट बाजूला फिरवतात) की 0.07 प्रतीनं खाली बसायचा आणि खालीच राहायचा.

पहिल्या रात्री मी खूश होतो. हा तारा फ्लिकरिंग करतोच, म्हणजे थोडा लुकलुकतो. म्हटलं, जोडीदार ताऱ्याचा माल श्वेत बटूवर पडताना आपण साताऱ्यातल्या गोडोलीच्या गच्चीवरून पकडला! दुसऱ्या रात्रीही तीनलाच पायरी. तिसऱ्या रात्रीही. घड्याळ लावून लुकलुकणारा तारा कुठं असतो का? मग चेक ताऱ्याचा, म्हणजे पडताळणीसाठी मोजलेल्या स्थिर ताऱ्याचा, आलेख उघडला, जो खरं तर पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. चेक 0.12 नं पडलेला! म्हणजे ज्यानं हलायचंच नाही तो नोव्ह्यापेक्षा जास्त हललेला.

पुढचे आठ दिवस यातच गेले. कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, तपासलं. आरसा सरकतोय म्हणून स्क्रू आवळले, तर तारे तिकोनी दिसायला लागले. परत सैल केले. उसाचा पाला जाळल्याच्या धुरावर खापर फोडून झालं, पण धूर कॉम्पला (ज्याच्याशी तुलना करून बाकीचे मोजतो तो तारा) सोडून चेकलाच कसा गाठेल? फोकसरच्या अडॅप्टरवरही संशय होता. ज्या दुकानदाराकडून घेतला त्याचं नाव घेत नाही, पण ‘घट्ट बसतो’ म्हणून विकलेल्या वस्तूला तीन फेरे टेप गुंडाळावी लागली. दोष मात्र तिचा नव्हता.

सापडलं ते आळसामुळं. गुरुवारी डार्क (झाकण लावून काढलेली काळी फ्रेम) घ्यायला उशीर झाला, पावणेसहा वाजले, अजिंक्यताऱ्यामागचं आभाळ उजळलेलं. नळीला पुढून झाकण घट्ट, आणि डार्कमध्ये एका कडेला द्वितीयेच्या चंद्रासारखी फिकट कोर. बोट फिरवून पाहिलं. माझ्या न्यूटोनियनच्या, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीच्या, बुडाशी, मुख्य आरशाच्या कडेनं उजेड आत येत होता. आणि मी फ्लॅट (एकसारख्या उजेडाची फ्रेम, जिनं बाकीच्या फ्रेमना भागतात) घेतो कधी? त्याच वेळी, पहाटे, लॅपटॉपच्या पडद्यावर पांढरं धोतर ताणून!

म्हणजे फ्लॅटची एक बाजू खोटी उजळ. त्यानं भागलं की त्या बाजूचे तारे उगाच मंद. टी सीआरबी चौकटीच्या मध्यावर, त्याला काही नाही. कॉम्प उजळ बाजूला, चेक समोरच्या. फ्लिपनंतर चौकट 180 अंशांत फिरते, दोघांच्या जागा बदलतात. कॉम्प वधारला, म्हणून टी पडला. चेक तर स्वतःही मंद झाला, म्हणून जवळपास दुप्पट पडला. रात्रीचा भटका उजेड पार्श्वभूमीबरोबर वजा होऊन जातो. फ्लॅटमधला मात्र प्रत्येक मापात गुणला जातो.

तात्पुरता इलाज म्हणून घरातली जुनी काळी घोंगडी बुडाला गुंडाळली. आई वर आली होती वाळवण घालायला. म्हणाली, ‘काय रे, दुर्बिणीला हिव भरलंय का?’ घोंगडीत उजेड अडला, पण लोकर आरशावर गळते. मोती चौकातून अर्धा मीटर काळी मखमल आणली, इलॅस्टिक घालून टोपी शिवली. सुदैवानं अकरा दिवस कॅमेरा काढला नव्हता, म्हणून नव्या फ्लॅटनं भागून जुन्या फ्रेम पुन्हा मोजल्या. पायरी 0.01! त्या सपाट रेषेकडं मी चहा गार होईपर्यंत बघत बसलो. त्याआधीचा मार्चचा डेटा मात्र वाया. एएव्हीएसओला, म्हणजे चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेला, पाठवलेली ती मापं आज काढून टाकतो.

पुढं ट्रान्सफॉर्मेशनचे गुणांक (माझ्या कॅमेऱ्याची मापं प्रमाण रंगमापात बदलणारे आकडे) काढायचे होतेच. टीसारख्या तांबड्या ताऱ्याला त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. त्यासाठी एम 67 हा तारकागुच्छ मेमध्ये घेणार होतो. पण हे लिहिताना सुचतंय की एम 67 आत्ता अंधार पडतानाच मध्यमंडलाजवळ असतो. अर्ध्या फ्रेम फ्लिपआधी, अर्ध्या नंतर घेतल्या तर गुणांकही निघतील आणि फ्लॅटची परीक्षाही होईल. मग मे कशाला, उद्याच.

आणखी एक. उडाला तर दुसऱ्या प्रतीपर्यंत जाईल, आठवड्याभरात नुसत्या डोळ्यांना दिसेनासाही होईल, आणि माझ्या साठ सेकंदांच्या फ्रेम पहिल्याच रात्री सॅच्युरेट होतील, म्हणजे उजेडानं भरून मापायोग्य राहणार नाहीत. म्हणून 50 मिमी लेन्सचा डीएसएलआर तयार ठेवतोय. कॉम्प म्हणून उत्तर मुकुटातलाच ठळक तारा अल्फेका धरणार होतो, पण तो स्वतःच 17.36 दिवसांचा ग्रहणकारी जोडतारा. कॉम्पनं पुन्हा फसवायला नको. शेजारच्या भूतप तारकासमूहातले तारे बघतो.

दुपारपासून कोरेगावच्या बाजूला वळवाचे ढग चढतायत. तरी गजर अडीचचाच. 1946 साली टी उडाला तेव्हा, पंचवीस वर्षांच्या पहाऱ्यानंतर, अमेरिकी हौशी निरीक्षक पेल्टियर सर्दीमुळं त्या एकाच पहाटे परत झोपला होता, आणि मला सकाळपासून शिंका येतायत.