पापड-पाणी

परवा दुपारी गॅसचं मीटर बघायला एक मुलगा आला, घामाने निथळत, आणि म्हणाला, मॅडम जरा पाणी मिळेल का. मी आत गेले, एका हाताने तांब्या भरला आणि दुसऱ्या हाताने कधी डबा उघडून पापड गॅसवर धरला ते माझं मलाच कळलं नाही. ताटलीत पापड आणि शेजारी पाण्याचा ग्लास. तो मुलगा पापडाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही सिंधी का?"

नाही हो. कोकणस्थ नाही, देशस्थ नाही, सिंधी तर नाहीच नाही. पण आमचं लहानपण उल्हासनगरला गेलं, कॅम्प नंबर 4. आता डोंबिवलीत राहून वीस वर्षं झाली तरी पाण्याबरोबर पापड हा हात गेलेला नाही.

आमच्या घराला भिंतीला भिंत लागून दादी राहायची. तिचं घर म्हणजे मूळ मिलिटरीच्या बराकीचा एक तुकडा. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकी, फाळणीनंतर त्यात सिंधी कुटुंबं आणून ठेवली, आणि एका लांबलचक हॉलमध्ये गोणपाटाचे पडदे लावून प्रत्येकाने आपापलं घर केलं. कल्याण कॅम्प म्हणायचे तेव्हा. उल्हासनगर हे नाव 8 ऑगस्ट 1949 ला पडलं, राजगोपालाचारींच्या हस्ते. पण अजूनही रिक्षावाल्याला नुसतं उल्हासनगर सांगून बघा, तो मान वळवून विचारणारच, कॅम्प कितवा?

दादी कराचीहून बोटीने आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर त्यांच्या गल्लीत कोणी उरलंच नाही, एवढंच ती सांगायची. बाकी बोटीबद्दल विचारलं की उलटी किती झाली ते सांगायची. एक बाई आख्खा देश सोडून येते आणि तिला आठवते ती उलटी, हे मला लहानपणी फार निराशाजनक वाटायचं. मला तलवारी वगैरे हव्या होत्या.

तर पापड. आमच्याकडे कोणी आलं की आई उंबऱ्यातच विचारणार, "चहा टाकू ना?" म्हणजे समोरच्याने आधी नको म्हणायचं, मग आईने घ्या हो अर्धा कप म्हणायचं, मग त्याने बरं म्हणायचं, ही सगळी यातायात. दादीकडे प्रश्नच नाही. तुम्ही बसायच्या आत पापड समोर, काळ्या मिरीचा, पातळ, चिमट्यात धरून आचेवर असा फिरवलेला की कडा आत वळलेल्या आणि मधे बारीक बारीक काळे ठिपके. तळलेला कधीच नाही. पापड तळणं हे दादीच्या लेखी व्यसन होतं. पाण्याबरोबर पापड का, असं मी दर उन्हाळ्यात विचारायचे आणि दर उन्हाळ्यात वेगळं उत्तर मिळायचं. कधी, आमच्या सिंधमध्ये उन्हाळा कडक. कधी, खाली पानी नहीं देते. एकदा नुसतंच, "अरे खाओ ना, पेट थोडी भरता है इससे."

माझा मात्र पापडाच्या बाबतीत एक हट्ट आहे, पापड कडेने खायचा. गोल गोल कुरतडत आत यायचं. काही लोक आल्या आल्या मधोमध बुक्की मारतात त्यांच्याशी मी संबंध ठेवत नाही.

आमचे पापड एप्रिलमध्ये व्हायचे, परीक्षा संपल्यावर. उडदाचं पीठ, पापडखार, आणि ते पीठ कुटायला शेजारच्या दोन दणकट काकू. आम्हा पोरांचं काम गच्चीवर कावळे हाकलायचं, त्याबदल्यात तेलात बुडवलेल्या लाट्या मिळायच्या, आणि त्या इतक्या खायचो की संध्याकाळी पोट धरून बसायचो. त्या दिवशी दादी स्वतःचं लाटणं घेऊन यायची. तिचा हात इतका चालायचा की आमच्या सगळ्या बायका मिळून जेवढे करतील तेवढे तिचे एकटीचे. का चालायचा ते नंतर कळलं. कॅम्पात आल्यावर तिची आई आणि मावश्या पापड लाटून दुकानात द्यायच्या, घर त्यावर चालायचं, आणि दादी शाळेतून आली की दप्तर टाकून लाटायला बसायची. नववीनंतर शाळा सुटली, लाटणं राहिलं.

भाषेचे घोटाळे तर विचारू नका. मी सहा-सात वर्षांची असेन. दादीचं दार वाजवलं की ती आतून ओरडायची, "छा आहे?" आणि मी बाहेरून तितक्याच मोठ्याने, "नको, मला चहा चालत नाही!" हे कित्येक महिने चाललं. सिंधीत छा म्हणजे काय आणि आहे म्हणजे आपलं आहेच, तेवढा एक शब्द दोघांचा सारखा आणि त्याच्यावर मी आख्खा चहा उभा केला होता. दुसरा घोटाळा कॉलेजात गेल्यावर कळला. सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. आई तिला दादी म्हणायची ते बरोबरच होतं. आणि मी इतकी वर्षं तिला आजी म्हणतेय असं समजून ताई म्हणत होते. तेव्हा ती फार तर पंचेचाळीसची असेल बिचारी.

पुढे बराकी पडल्या, चार-चार माळ्यांच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या, दादीला तिसरा माळा मिळाला आणि आम्ही डोंबिवलीला आलो. उल्हासनगरच्या बिल्डिंगींबद्दल काय बोलायचं, 2006 साली बेकायदा बांधकामं नियमित करायला सरकारने वेगळा कायदाच केला, यात सगळं आलं. मग 2021 च्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत कोसळले, माणसं गेली, आणि त्यानंतर पटापट नोटिसा लागायला लागल्या. दादीच्या बिल्डिंगलाही लागली. ब्याऐंशीव्या वर्षी बाईने परत बोचकं बांधलं.

मी भेटायला गेले तेव्हा शहाड बाजूला भाड्याच्या घरात येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. खोके दोरीने बांधलेलेच होते, पंखा लावायचा होता, गॅस अजून जोडलेला नव्हता. मी आधीच सांगून टाकलं, काही करू नका, मी जेवून आलेय. दादीने ऐकलं नाही. गादीच्या वळकटीत हात घालून पापडाचा डबा काढला, तो बरोबर सापडला, औषधं सापडत नव्हती. दोन पापड नातवाच्या हातात दिले आणि समोरच्या दारात पाठवलं, जा, भाजून आण. समोर कोण राहतं तिला माहीत नव्हतं. नाव नाही, गाव नाही, दोन दिवसांची ओळख तीही जिन्यातली.

आम्ही वाट बघत बसलो. दादीने माझा हात हातात घेतला होता, आणि तो हात आता लाटण्यासारखाच झाला होता, टणक आणि हलका. घर गेलं त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. उलटीचं मात्र टेम्पोत झाली म्हणून सांगितलं.

नातू आला. स्टीलच्या ताटलीत दोन पापड, मस्त फुगलेले, तेलाने चकचकीत. समोरची काकू आपल्यातलीच निघाली, तिने प्रेमाने तळून दिले होते.

दादीने पापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हीउ छा आहे?"