निशी-शिंजुकूतला काळा पडदा

क्योतो पाहिलं. देवळं सुंदर, गर्दी भयंकर, पायांचे तुकडे पडले. त्यावर मराठीत ढिगाने लिहिलेलं सापडेल, म्हणून ते इथेच संपवतो. हाकोनेला गेलो तेव्हा फुजी ढगात होता आणि मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मी जपानला गेलो होतो ते डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायला. डोक्यात राहिलं मात्र भलतंच: त्यांच्या एका जुन्या कार्यक्रमाचं, कुणीतरी प्रेक्षकात बसून चोरून केलेलं चित्रीकरण.

२०१४ चा एप्रिल होता. १ तारखेपासून जपानने विक्रीकर पाचवरून आठ टक्के केला होता आणि हॉटेलांच्या मेनूकार्डांवर नव्या किमतींचे इवलेसे कागद इतके सरळ चिकटवले होते की मोजपट्टी लावून केल्यासारखे. दाजींनी मला विमानतळावरच ऐकवलं, "मार्चमध्ये आला असतास तर तीन टक्के वाचले असते." दाजी म्हणजे माझ्या मामेबहिणीचे यजमान. दोघं तोक्योच्या निशी-कासाईला राहतात. तिथे भारतीय इतके की खाली उतरलं की हिंदी, तमिळ आणि अधूनमधून अस्सल पुणेरी मराठी कानावर येते. ताईकडे रोज वरण-भात मिळत होता, त्यामुळे जपानी जेवणाबद्दल या लेखात काहीही सापडणार नाही.

पर्पल आणि जपान हे नातं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हा बँड जपानला गेला. १५ आणि १६ तारखेला ओसाकाचं फेस्टिव्हल हॉल, १७ ला तोक्योचं बुदोकान. तिथल्या कंपनीला जपानपुरती एक लाइव्ह रेकॉर्ड हवी होती. बँडला त्यात फारसा रस नव्हता, पण करायचंच असेल तर आमचा माणूस करील, असं म्हणून त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चला आठ ट्रॅकच्या यंत्रासमोर बसवलं. त्यातून 'मेड इन जपान' निघाली. सातपैकी दोनच गाणी तोक्योची, बाकी ओसाकाची. आणि गंमत म्हणजे जगभर गेलेल्या त्या वेष्टनावरचा फोटो लंडनचा आहे! माझ्याकडची कॅसेट काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली. तिच्यावरचा फोटो जपानचा समजून मी वर्षानुवर्षं त्यात जपानी चेहरे शोधत होतो.

तर बुदोकान. निशी-कासाईहून तोझाई लाइन पकडली की न बदलता कुदानशिता. ही लाइन सकाळच्या गर्दीसाठी बदनाम आहे, पण ज्याने विरारची गाडी पकडली आहे त्याला तिथे चेंगरल्यासारखं वाटणार नाही, फार तर कुणीतरी शिस्तीत घडी घालून ठेवल्यासारखं वाटेल. स्टेशनातून वर आलं की खंदक, त्यावरून जुन्या किल्ल्याचा दरवाजा आणि आत झाडांमध्ये ती अष्टकोनी इमारत. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोसाठी बांधलेली. १९६६ साली बीटल्स तिथे गायला आले तेव्हा, युद्धकलेच्या जागेत हा धांगडधिंगा कशाला, म्हणून विरोध झाला होता. आता तिथे वाजवल्याशिवाय कुणाला आपण मोठे झालो असं वाटत नाही.

१२ तारीख, शनिवार. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, गळून कोवळी पानं आली होती. आत जाताना पिशवी तपासली आणि कॅमेऱ्यावर लाल फुली मारलेली पाटी एका मुलीने माझ्या चेहऱ्यासमोर धरली, पण इतकी वाकून की मलाच संकोच वाटला. त्या रात्रीचं अधिकृत चित्रीकरण होणार होतं, मोठे कॅमेरे लागलेले. म्हणजे चित्रीकरणाला ना नव्हती, आपण करायला ना होती.

बँड म्हातारा झालाय हे सांगायला नको. गायक गिलन अडुसष्ट वर्षांचा. तारसप्तकातली ती जुनी किंकाळी आता येत नाही आणि ती येईल अशी आशा करणारे लोक मला क्रूर वाटतात. पण ड्रमवाल्या इयान पेसचा डावा हात! १९६८ पासून या बँडमध्ये टिकलेला हा एकटाच, आणि अजूनही त्याचा हात स्वतःचं वय विसरलेला आहे. गिटारवाल्या स्टीव्ह मोर्सबद्दल मी पक्षपाती आहे, त्याचं कारण पुढे येईल.

मला वेगळंच काहीतरी बोचलं. गाणं संपलं की टाळ्या, जोरदार, मनापासून. आणि मग त्या थांबत. सगळ्यांच्या एकदम थांबत. पुढचं गाणं सुरू होईपर्यंत त्या एवढ्या मोठ्या घुमटाखाली इतकी शांतता की ग्लोव्हरने बासची वायर पायाने सरकवली तरी कळावं. आपल्याकडे दोन गाण्यांमधली जागा म्हणजे मागून कुणीतरी फर्माईश ओरडण्याची हक्काची जागा. मला ओरडायचं होतं. पण दाजींचं तिकीट मीच काढलं होतं आणि ते शेजारी भजनाला बसल्यासारखे हात जोडून बसले होते.

मध्येच पुढच्या दुसऱ्या ओळीतल्या एका गृहस्थाने फोन वर केला. क्षणात पायऱ्यांवरून एक कर्मचारी मुलगी वाकत वाकत आली, त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली, आधी मान लववली आणि मग छातीसमोर दोन्ही हातांची फुली केली. गृहस्थांनीही मान लववली आणि फोन खिशात घातला. एक शब्द नाही. गिटारचा सोलो चालूच होता. मी सोलो सोडून ते पाहत राहिलो.

आता मुख्य गोष्ट. तोक्योत शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला, उंच इमारती ओलांडून थोडं आत गेलं की निशी-शिंजुकूच्या गल्ल्यांमध्ये रेकॉर्डची छोटी छोटी दुकानं आहेत. रॉकवेड्यांमध्ये हा भाग जगभर प्रसिद्ध आहे तो बूटलेगसाठी. कार्यक्रमांची परवानगीशिवाय केलेली रेकॉर्डिंगं, छापील वेष्टनात, गाण्यांच्या यादीसकट, तारीखवार लावलेली. ज्या देशात फोन वर केला तर मुलगी गुडघ्यांवर येऊन बसते, त्याच देशात हे. आणि यातला गुपचूपपणा फक्त रेकॉर्डिंगपुरता. दुकानात सगळं इतकं नीटनेटकं की एखाद्या ग्रंथालयात आल्यासारखं वाटतं. जपानी प्रेक्षकांतली रेकॉर्डिंगं एवढी स्वच्छ का असतात, ते मला आदल्या रात्री कळलेलं होतं: शेजारचा ओरडतच नाही.

एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. लिफ्टमध्ये दाजी आणि मी एवढेच मावलो, तेही एकमेकांची माफी मागत. पर्पलचा खण मी अधाशासारखा चाळत होतो आणि एका डीव्हीडीवर हात थांबला. डिसेंबर १९९३. गिटार: जो सॅट्रियानी.

हे नाव वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपच्या दौऱ्यात, हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर बँडचा मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेला. जपानचा दौरा तोंडावर, तिकिटं विकलेली. धावपळ करून सॅट्रियानीला बोलावलं. तो स्वतः मोठा कलाकार, नामवंत गिटारवादकांचा गुरू. त्याने टेप ऐकून गाणी बसवली आणि जपानच्या मंचावर ब्लॅकमोरच्या जागी उभा राहिला. पुढच्या उन्हाळ्यात युरोपचा दौरा केला आणि मग स्वतःच्या करारामुळे त्याला थांबता येईना. मग मोर्स आला. मोर्सला घेऊन पर्पल १९९५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत वाजवून गेले आणि त्याची चक्क अधिकृत चित्रफीत निघाली. तिच्यातल्या गर्दीत मीही कुठेतरी आहे, म्हणून मोर्सबद्दल पक्षपात. सॅट्रियानीच्या त्या महिन्यांची मात्र अधिकृत तबकडी निघाली नाही. मुंबईची आहे, पण त्याच्या तोक्यो-ओसाकाची नाही. जे काही आहे ते प्रेक्षकांतल्या कुणीतरी लपवून आणलेल्या कॅमेऱ्यातलं.

दुकानदार पन्नाशी उलटलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी डीव्हीडी हातात धरून एवढा वेळ उभा राहिलो की त्यांनी ती माझ्याकडून घेतली, कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीला लावली आणि स्टूल पुढे सरकवलं.

चित्र वाईट. म्हणजे खरोखर वाईट. डाव्या कोपऱ्यात कुणा बाईचा अंबाडा, तो सगळा कार्यक्रमभर तिथेच. रंग उडालेले, मंचावरचे दिवे आले की सगळं पांढरंफटक. पण कॅमेरा धरणाऱ्याला काय बघायचंय याबद्दल जराही शंका नव्हती. गिलन गातोय, त्याच्याकडे तो वळतच नाही. जॉन लॉर्ड ऑर्गन गदागदा हलवतोय, ओझरतं दाखवून परत. त्याला पाहायचा आहे तो नवा माणूस. त्याची डाव्या हाताची बोटं. ब्लॅकमोरच्या ठरलेल्या जागा आल्या की कॅमेरा आणखी जवळ जातो, थरथरतो, आता काय करतो बघू, असं म्हणत. सॅट्रियानी अर्धं जुनं वाजवतो, अर्धं स्वतःचं, आणि एका ठिकाणी सरळ स्वतःच्याच वाटेने निघून जातो. तेव्हा कॅमेऱ्यामागून एक आवाज येतो, "ओ" असा, अगदी हळू. तो चित्रीकरण करणाऱ्याचाच असणार.

आणि मग पडदा काळा झाला.

मला वाटलं डीव्हीडी अडकली. पण गाणं चालू होतं. कापडाची घासघास, जवळच कुणाचं तरी खाकरणं, आणि त्यामागून तो सोलो, थोडा दबलेला, जाड ब्लँकेटमधून आल्यासारखा. मी दुकानदारांकडे वळून पाहिलं. त्यांनी छातीसमोर दोन्ही हातांची फुली केली.

म्हणजे कर्मचारी आला होता. कॅमेरा कोटाखाली गेला होता आणि त्याने तो बंद केला नव्हता. मंचावर जे चाललं होतं ते पाहायला तो वर्षभर थांबला असेल, आणि आता ते त्याच्या मांडीवर अंधारात रेकॉर्ड होत होतं. तो स्वतः मात्र सरळ बसून, बाकीच्यांसारखा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत असणार, कारण एक टाळी खूप जवळून ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने छताचे दिवे दिसले, मग अंबाडा, मग परत ती बोटं. सोलो संपत आला होता.

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. काळा भागच. दुकानदारांनी काही न विचारता लावला. मला त्या अंधारात जेवढं ऐकू आलं तेवढं आदल्या रात्री महागड्या खुर्चीत बसून आलं नव्हतं. हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही, आणि द्यायचंही नाही.

दाजी मागे उभे होते. "हे चोरीचं आहे ना रे?"

"आहे."

"मग?"

"मग तुमच्याकडच्या त्या बैठकीच्या कॅसेटी?"

दाजी गाणं ऐकणारे. हिंदुस्थानी. लोकांच्या घरी झालेल्या खासगी बैठकींची त्यांच्याकडे खोकाभर रेकॉर्डिंगं आहेत, गवयाला विचारून केलेली किती देव जाणे. ते जराही गडबडले नाहीत. "त्यांचे कुणी कधी पैसे घेतले नाहीत. या इथे किंमत लावली आहे, आणि त्यातला एक येन तरी त्या गिटारवाल्याला जाणार आहे का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी साडेतीन हजार येन मोजले. जाता जाता दुकानदारांना खुणांनी विचारलं की हे शूट कुणी केलं. पुन्हा फुली. या वेळी हसून.

रात्री ताईने आमटी केली आणि जेवणानंतर दाजींनीच, "लाव ते तुझं" म्हणून टीव्ही सोडून दिला. गिटारमध्ये त्यांना गोडी नव्हती. पण पडदा काळा झाला तसे ते पुढे सरकून बसले आणि एकदम बोलू लागले. पुण्यातला एक वाडा, हिवाळा, कॅसेट रेकॉर्डर शालीखाली. द्रुत ऐन रंगात आलेली आणि 'खट्' आवाज करून बाजू संपली. उलटवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात गवयाने एक तान घेतली, बैठकीतल्या सगळ्यांनी "वा" म्हटलं, आणि कॅसेटच्या दुसऱ्या बाजूची सुरुवात त्या "वा"नेच होते. तान नाही. "चाळीस वर्षं ती तान मी मनात लावून बघतोय," म्हणाले. ताई आतून म्हणाली की ही गोष्ट तिला लग्नापासून पाठ आहे.

ओसाकाला एक दिवस गेलो. १९७२ चं फेस्टिव्हल हॉल आता नाही. ते २००८ साली बंद झालं आणि त्याच जागी टोलेजंग इमारतीत नवं सभागृह २०१३ ला उघडलं. त्या दिवशी कार्यक्रम नव्हता, आत सोडेनात. लाल गालिच्याचा जिना बाहेरूनच पाहिला, नदीकाठी कॉफी प्यायलो, परतलो.

बुदोकानच्या त्या रात्रीची अधिकृत फिल्म २०१५ ला बाजारात आली आणि मी घेतली. उत्तम आहे. आवाज काचेसारखा, पेसची प्रत्येक काठी दिसते. पण ती पंगतीतल्या वाढप्यासारखी सगळ्यांच्या पानात सारखं वाढत पुढे जाते. थोडं गिलन, थोडं मोर्स, थोडे प्रेक्षक. कुणासाठी थांबत नाही. पुढच्या दुसऱ्या ओळीत गुडघ्यांवर बसलेली ती मुलगी तर कुठेच नाही. मी दोनदा शोधली.

तुम्ही निशी-शिंजुकूला जाणार असाल तर दुपारनंतर जा, सकाळी बरीच दारं बंद असतात. पाट्या जपानीत आहेत, आणि दाजींसारखं कुणी सोबत असेल तर त्यांना खाली कॉफीच्या दुकानात बसवा.

त्या रात्री मी दाजींकडे त्या कॅसेटची प्रत मागितली होती. "बघू," म्हणाले. त्यांनी मागच्या वर्षी सगळ्या कॅसेटी संगणकावर चढवून घेतल्याचं ताईकडून कळलं. माझी प्रत अजून आलेली नाही, आणि मध्यंतरी त्यांनीच मला फोन करून विचारलं की तुझ्या त्या जपानी डीव्हीडीचा काळा भाग तेवढा पाठवता येईल का.