म्युरेनच्या डोंगरावर कुठे आणि केव्हा जेवावे

स्वित्झर्लंड पाहायला येणारे आपले पाहुणे लाउटरब्रुनेनच्या दरीसाठी एक दिवस हमखास राखून ठेवतात. धबधबे, शिखरे आणि परतीची गाडी यांचे वेळापत्रक ते काटेकोरपणे आखतात, जेवणाचा विचार मात्र भूक लागल्यावर करतात, आणि मग दुपारी अडीच वाजता एखाद्या उपाहारगृहाच्या दारात उभे असताना स्वयंपाकघर बंद झाल्याचे त्यांना समजते. याच भागात राहत असल्यामुळे मला याविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून म्युरेन आणि त्याच्या आसपासच्या खाण्यापिण्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

म्युरेन हे साडेचारशेच्या आसपास वस्तीचे गाव दरीच्या कड्यावर, सुमारे १,६४० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि पर्यटकांच्या मोटारी तेथपर्यंत पोहोचत नाहीत. लाउटरब्रुनेनहून रोपवेने ग्र्यूचाल्पला जायचे आणि तेथून कड्याच्या काठाने धावणारी, १८९१ साली सुरू झालेली छोटी रेल्वे पकडायची, हा जुना मार्ग. डिसेंबर २०२४ पासून दरीच्या तळाच्या श्टेखेलबेर्गहून थेट वर नेणारा रोपवेही सुरू झाला असून त्याचा चढ तब्बल १५९ टक्के, म्हणजे आडव्या शंभर मीटरला १५९ मीटर, आहे. ग्र्यूचाल्पच्या रोपवेत चढण्यापूर्वी प्रवाशांच्या डब्याखाली अवश्य पाहावे. तेथे मालासाठी वेगळा मंच टांगलेला असतो आणि भाजीच्या पेट्या, पिठाची पोती, बिअरची पिंपे असे सारे त्यावरून वर जाते. वर मागवलेल्या सॅलडमधला टोमॅटो तुमच्यासारखाच तिकिटाचा खर्च सोसून आलेला असतो. चीज मात्र गावाच्याही वरच्या कुरणांवरून खाली येते. त्यामुळे माझे मत अगदी साधे आहे: डोंगरावर जे तयार होते तेच डोंगरावर खावे, पिझ्झा आणि बर्गर खाली इंटरलाकेन गावात कमी पैशांत मिळतात.

चीज हा येथील खरा विषय आहे. उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणांवर नेल्या जातात आणि तेथील लाकडी घरांतच, कच्च्या दुधापासून, तांब्याच्या मोठ्या कढईत ‘बर्नर आल्पकेझे’ बनवले जाते. ते किमान साडेचार महिने मुरवतात. त्यातल्या निवडक चकत्या किमान दीड वर्ष ठेवल्या की त्यांचे ‘होबेलकेझे’ होते. हे इतके टणक असते की सुरीने कापायला गेल्यास त्याचे नुसते तुकडे उडतात. म्हणून ते छोट्या रंध्यावर घासतात आणि सुताराच्या हाताखालून निघणाऱ्या सालपटांसारख्या त्याच्या पारदर्शक सुरळ्या ताटलीत येतात. सुरळी जिभेवर ठेवून थोडे थांबावे, चावण्याची घाई करू नये. आधी खारटपणा जाणवतो आणि मग भाजलेल्या सुक्या मेव्यासारखी गोडसर चव उतरते. उन्हाळा संपल्यावर हे चीज गाईंच्या मालकांत ज्याच्या गाईचे दूध जितके, तितका त्याचा वाटा, या हिशेबाने वाटले जाते. थुन सरोवराजवळच्या युस्टिसटालमध्ये सप्टेंबरमध्ये होणारे असे वाटप पाहायला मोठी गर्दी लोटते.

शाकाहारी वाचकांसाठी येथे एक सूचना आवश्यक आहे. ग्रुयेर आणि एमेंटाल ही प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने दूध विरजवून बनवली जातात आणि डोंगरावरच्या पारंपरिक चीजचीही रीत तीच आहे. स्विस माणूस त्याला शाकाहारीच म्हणतो आणि त्यात त्याला काही लपवायचे नसते. हा प्रश्न त्याच्या मनातच येत नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘लाब’ कोणते वापरले आहे असे विचारावे. रेनेटला जर्मनमध्ये हाच शब्द आहे. किसलेला बटाटा तव्यावर खरपूस भाजून केलेली रोश्टी आणि मॅकरोनी, बटाटा, साय, चीज व तळलेला कांदा एकत्र करून सफरचंदाच्या मुरंब्यासह दिले जाणारे ‘एल्प्लरमॅग्रोनेन’ हे दोन्ही पदार्थ नावावरून निरुपद्रवी वाटतात, परंतु दोन्हींत डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे अनेकदा असतात. ‘ओने श्पेक’, म्हणजे त्याशिवाय, असे मागताना सांगितले तर कोणी नाक मुरडत नाही. साध्या रोश्टीला साधारण २० ते ३० फ्रँक पडतात आणि एका थाळीत भरपेट जेवण होते.

फोंड्यू, म्हणजे ब्रेडचे तुकडे बुडवून खायचे वितळलेले चीज, याबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल. जुलैच्या उन्हात गच्चीवर बसून फोंड्यू खाणारे बहुतेक सगळे पर्यटक असतात. स्थानिक लोक तो थंडीत, खिडक्या बंद करून खातात. त्याला राष्ट्रीय पदार्थाचा मान मिळवून देण्यात १९१४ ते १९९९ या काळात कार्यरत असलेल्या स्विस चीज संघाच्या प्रचाराचा मोठा हात होता, हेही लक्षात ठेवावे. तरीही हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, ग्रुयेर आणि व्हाशेरां ही दोन चीज निम्मी-निम्मी घातलेला फोंड्यू मागवावा आणि भांड्याच्या तळाशी करपून जमलेली खरवड कोणाला द्यायची यावर भांडावे. तो हक्काचा भाग आहे.

आता वेळेविषयी. गरम जेवण साधारणपणे साडेअकरा ते दोन आणि सहा ते नऊ या वेळातच मिळते. मधल्या काळात चीज, ब्रेड आणि थंड मांसाची ताटली, सूप किंवा केक यांवर भागवावे लागते. दारावर ‘दुर्शगेहेंड वार्मे क्यूशे’ अशी पाटी असेल तरच दिवसभर शिजवलेले अन्न मिळते. दुपारी ‘टागेसटेलर’ विचारावा, कारण सूप किंवा सॅलडसह येणारे ते रोजचे ताट यादीतल्या बहुतेक पदार्थांपेक्षा स्वस्त असते. सेवाशुल्क १९७४ पासून बिलातच धरलेले असते. वर फ्रँक-दोन फ्रँक ठेवले तर चांगलेच, पण सक्ती नाही.

गावातून आलमेंडहूबेलला जाणारी डोंगररेल्वे १९१२ पासून चालू आहे आणि वर, १,९०७ मीटरवर, आयगर, म्योंश आणि युंगफ्राऊ या तिन्ही शिखरांसमोर बसून जेवता येते. तेथील शेवटची गाडी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते, म्हणून ती जागा दुपारच्या जेवणाची. शिल्टहॉर्न शिखरावरचे, २,९७० मीटर उंचीवरचे फिरते उपाहारगृह जगप्रसिद्ध असले तरी तेथे पैसे देखाव्याचे मोजायचे असतात, जेवणाचे नव्हे. आकाश ढगाळ असेल तर मी पाहुण्यांना तेथे नेतच नाही. त्यापेक्षा म्युरेनच्या वरच्या ब्लूमेनटालमध्ये पाऊण तास चढून जावे आणि झुपेनआल्पच्या बाकावर बसून साधे जेवण घ्यावे.

म्युरेनहून खाली उतरून गिमेलवाल्डला चालत अर्धा-पाऊण तास लागतो. शंभर-सव्वाशे वस्तीच्या त्या गावात विक्रेत्याशिवाय चालणारे दुकान आहे: वस्तू घ्यायची, किंमत पाहायची आणि पैसे डब्यात टाकायचे. सुटे फ्रँक खिशात ठेवलेले बरे. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. वाटेवरच्या लाकडी हौदांत पडणारे झऱ्याचे पाणी पिण्याजोगे असते, मात्र ‘काइन ट्रिंकवासर’, म्हणजे ‘पिण्याचे पाणी नाही’, अशी पाटी असेल तेथे ते पिऊ नये. चीज करताना उरणाऱ्या निवळीपासून १९५२ साली तयार झालेले ‘रिव्हेला’ हे फसफसणारे पेय एकदा चाखून पाहावे. मला ते आवडायला बराच काळ लागला आणि आमच्या घरी येणाऱ्या बहुतेकांना ते पहिल्या घोटाला औषधासारखे लागते.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी श्टेखेलबेर्गहून अडीच-तीन तास चढून १,७७८ मीटरवरच्या ओबरश्टाइनबेर्गच्या डोंगरघरात मुक्काम करावा. तेथे वीज नाही, रात्रीचे जेवण मेणबत्तीच्या उजेडात होते आणि चीज शेजारीच बनते. जागा आधी राखून ठेवावी, आणि शाकाहारी जेवण हवे असेल तर तेही तेव्हाच सांगावे, कारण सर्वांसाठी एकच स्वयंपाक ठरलेल्या वेळी होतो. हे घर केवळ उन्हाळ्यात उघडे असते. मेच्या सुट्टीत येणाऱ्या आपल्या मंडळींना म्हणूनच ते सहसा लाभत नाही. त्या दिवसांत दोन हंगामांच्या मध्ये गावातलीही बरीच उपाहारगृहे बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी ठरवलेल्या ठिकाणी फोन करावा आणि नाहीच जमले तर म्युरेनच्या कोऑप दुकानातून ब्रेड, आल्पकेझे आणि सफरचंदे घेऊन एखाद्या बाकावर बसावे.